उंच कपाटातील प्रकाशयोजना

महानगरांतील स्वयंपाकघरे आकसत गेली, तशी साठवणुकीची जागा आडवी न वाढता उभी वाढू लागली. सात फूट उंच आणि सुमारे दोन फूट खोल असे ‘टॉल युनिट’ आज मॉड्युलर स्वयंपाकघरात सर्रास आढळते. कोठीची खोली गेली आणि तिचा संसार या कपाटात आला : वर्षाचे तिखट-हळद, डाळी, लोणच्याच्या बरण्या, फराळाचे मोठे डबे. परंतु छतावरील दिव्याचा प्रकाश दार उघडणाऱ्याच्या पाठीवर पडतो आणि त्याची सावली नेमकी फळ्यांवर. साठीच्या डोळ्याला विशीतील डोळ्यापेक्षा सुमारे तिप्पट प्रकाश लागतो. त्यामुळे घरातील ज्येष्ठांनी स्टुलावर चढून अंधारात डबे चाचपणे ही केवळ गैरसोय राहत नाही.

यावर सुचविला जाणारा पहिला उपाय बहुधा चुकीचा असतो, तो म्हणजे कपाटाच्या माथ्याशी आतून एक दिवा. तो वरची फळी उजळतो. खालच्या फळ्या पूर्वीइतक्याच काळोखात राहतात. फळ्या काचेच्या असतील तर गोष्ट वेगळी; पण डाळ-तांदळाचे डबे काचेवर कोण ठेवील? उंच कपाटाला प्रकाशही उभाच हवा. दोन्ही बाजूंना आतल्या अंगाने, पुढच्या कडेलगत, वरपासून खालपर्यंत एलईडीची पट्टी बसवावी आणि तिचा रोख आत, किंचित तिरपा ठेवावा, म्हणजे ती डोळ्यांवर येत नाही. आडव्या फळ्या पुढच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत घेतल्या की पट्टी अखंड जाते. तिच्यासाठी लागणारी खाच सनमायका लावतानाच ठरवावी लागते. म्हणून याबाबत सुताराशी आधी बोलावे, इलेक्ट्रिशियनशी नंतर. पट्टी नुसती चिकटवू नये. अॅल्युमिनियमची चौकट तिची उष्णता वाहून नेते आणि वरच्या दुधी आवरणामुळे प्रकाश पसरतो. ते नसल्यास स्टीलच्या प्रत्येक डब्यावर टिकल्यांची रांग चमकते.

रंगाच्या निवडीत दुकानातील झगमगाटाला भुलू नये. ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा प्रकाश भडक दिसतो, पण अन्नपदार्थांना तो शोभत नाही. ३००० ते ४००० केल्व्हिन पुरेसे. त्याहून महत्त्वाचा आकडा सीआरआयचा, म्हणजे वस्तूचे रंग किती खरे दिसतात त्याचा. तो ९० च्या पुढे असल्यास तिखटाचा उतरलेला रंग किंवा डाळीतील किडे वेळीच नजरेस पडतात.

सात फुटांच्या दोन पट्ट्या म्हणजे सुमारे ४.२ मीटर. मीटरला ४.८ वॅटची पट्टी घेतल्यास भार २० वॅट होतो. त्यावर चतुर्थांश सवड धरून ३० वॅटचा ड्रायव्हर घ्यावा. १२ ऐवजी २४ व्होल्टची पट्टी बरी, कारण लांब टोकाशी प्रकाश मंदावत नाही. ड्रायव्हरवर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचे चिन्ह पाहून घ्यावे. पट्टीकडील विद्युतदाब कमी असला तरी ड्रायव्हरकडे २३० व्होल्टच येतात. सबब तो डब्यांच्या मागे कोंबू नये, आणि कपाटात ओव्हन असल्यास त्याच्या कप्प्यातही नको. कपाटाच्या माथ्यावर, हवा खेळेल आणि हात पोहोचेल अशी जागा उत्तम.

बचतीचा खरा प्रश्न मात्र पट्टीचा नव्हे, बटणाचा आहे. दार उघडताच लागणारा आणि मिटताच विझणारा दिवा रोज अर्धा तास जळला, तर वर्षाला चार युनिटसुद्धा लागत नाहीत. तोच दिवा हाताच्या बटणावर ठेवला आणि बंद दाराआड विसरला गेला, तर वर्षाकाठी १७५ युनिट खर्ची पडतात आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. हालचाल टिपणारा सेन्सर येथे कुचकामी. मनुष्य डबा शोधत स्तब्ध उभा राहिला की तो अंधार करतो. दाराचाच सेन्सर घ्यावा, आणि दारे दोन असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र. काम संपल्यावर उरलेला पट्टीचा तुकडा व खोक्यावरील लेबल जपून ठेवावे, कारण पुढे तेवढाच भाग बदलायचा झाल्यास नव्या पट्टीची छटा जुन्याशी जुळेलच असे नाही.