जनुकात दोष, मग ऑपरेशन कशाला?

अंडाशयाच्या कर्करोगात रिपोर्टवर ‘बीआरसीए पॉझिटिव्ह’ दिसलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘दोष रक्तातच आहे, मग पोट उघडून काय मिळणार?’ हा समज जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी तोच घेते.

हा आजार बहुतेकदा तिसऱ्या टप्प्यात सापडतो. तोवर गाठी आतड्यांवर, पोटातल्या चरबीच्या पडद्यावर पसरलेल्या असतात. ऑपरेशनमध्ये डोळ्यांना दिसणारी एकही गाठ मागे राहिली नाही, तर आयुष्य वाढतं. जनुकात दोष असला तरी हे बदलत नाही.

बीआरसीए 1 आणि 2 ही जनुकं तुटलेला डीएनए सांधतात. ती निकामी झाली की कर्करोगाची वाट मोकळी होते, पण कर्करोगाच्या पेशीचं दुबळेपणही तेच असतं. कार्बोप्लॅटिनची केमो तिचा डीएनए मोडते आणि तिला तो दुरुस्त करता येत नाही. म्हणून अशा बायकांना ही केमो बहुधा जास्त लागू पडते. ओलापारिबच्या गोळ्याही याच दुबळेपणावर घाव घालतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केमोनंतर या गोळ्या घेणाऱ्या बीआरसीएग्रस्त रुग्णांमध्ये आजार बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका 70 टक्क्यांनी घटला. तरीही गोळ्यांच्या भरवशावर काढता येण्यासारखी गाठ पोटात ठेवणं मला साफ चुकीचं वाटतं.

‘आईला नव्हता, मग मला कसा?’ वडिलांकडून! दोष आईचा असो वा वडिलांचा, प्रत्येक मुलामुलीत उतरण्याची शक्यता निम्मी. डॉक्टरांना घराण्याची माहिती देताना मावशी आठवते, आत्या राहून जाते.

दोष आहे म्हणजे कर्करोग होणारच, असंही नाही. बीआरसीए 1 मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका साधारण 40 टक्के, बीआरसीए 2 मध्ये 15 ते 20. इतर बायकांत एक टक्क्याच्या आसपास. सोनोग्राफीवर विसंबता येत नाही, म्हणून मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए 1 असेल तर पस्तिशी ते चाळिशीत, अंडाशय आणि गर्भनलिका काढण्याचा सल्ला देतात. नलिकाही काढायच्या, कारण यातले बरेच कर्करोग नलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतात. पाळी लवकर जाते, हाडांची काळजी घ्यावी लागते; हे आधीच सांगायला हवं.

‘घरात कुणालाच नाही’ म्हणून तपासणी टाळू नये. दोष सापडलेल्या कितीतरी रुग्णांच्या घरात आधी कुणालाच कर्करोग झालेला नसतो. आणि रुग्णातला नेमका दोष कळला, की बहिणीची, भावाची, लेकीची तपासणी जनुकातल्या तेवढ्या एका जागेपुरती पुरते.