माळ्यावरचा हस्तिदंती तंबोरा

आमच्या बचतगटातल्या एका काकूंच्या माळ्यावर सासऱ्यांचा जुना तंबोरा पडून होता. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पांढरी, म्हणून घरात त्याला ‘हस्तिदंती तंबोरा’ म्हणत. एक जुनं सामान घेणारा आला आणि नुसत्या घोडीचे तीन हजार देतो म्हणाला. काकू द्यायला निघाल्या होत्या. आम्ही थांबवलं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीने बंद झाला, आफ्रिकेतून येणाऱ्या दाताचा १९९१ मध्ये. वस्तू जुनी आहे, आजेसासऱ्यांची आहे म्हणून सूट नाही. वारसाने आलेलं हस्तिदंत ठेवायलाही मालकीचा दाखला लागतो. विकणं तर गुन्हाच. अशी वस्तू घरात निघाली तर व्हॉट्सॲपवर फोटो टाकून भाव विचारू नका, वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

आमच्या भजनाला तंबोरा हवाच होता. खर्च गटाने करायचा की काकूंनी, यावर बैठकीत तासभर वाद झाला! शेवटी निम्मा निम्मा ठरला आणि तंबोरा मिरजेला नेला. तिथे दीडशेहून जास्त वर्षं हे काम चालतं. मूळचे हत्यारं घडवणारे शिकलगार, ते सतार-तंबोऱ्याकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

कारागिरांनी घोडी उजेडात धरली. कापलेल्या बाजूला बारीक काळसर ठिपके होते. हस्तिदंतात ठिपके नसतात, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. म्हणजे आमची घोडी हाडाची! मूळची कधीतरी झिजून बदललेली असणार. तारांनी घोडीवर चरे पडतात, मग ती घासून पुन्हा जवारी काढावी लागते. दर वेळी थोडी उंची जाते, आणि एक दिवस नवी बसवावी लागते. भोपळ्यालाही जुनी चीर होती, सरस आणि लाकडाच्या भुशाने बुजवलेली. आपल्या खाऱ्या, दमट हवेत सरस सुटतो, तारा गंजतात. म्हणून तंबोरा सुती गवसणीत, भिंतीपासून दूर ठेवायचा.

वाद्यं अशी बदलतच जगतात. युरोपात अठराव्या शतकात हस्तिदंताच्या बासऱ्या करत. गावोगावी सूर वेगळा, म्हणून मधला तुकडा कमी-जास्त लांबीचा बदलता यायचा. पुढे काहींना नव्या चाव्या बसवल्या.

आमचा तंबोरा पुरुषांच्या सुराचा, काळी एकचा. आम्ही गातो काळी चारमध्ये. कारागिरांनी बारीक तारा चढवल्या, जवारी नव्याने काढली. खुंट्या अजून थोड्या सरकतात, त्यांना खडू लावतो. काकू मात्र अजूनही त्याला हस्तिदंतीच म्हणतात.