गर्भपातानंतर पाळी लांबली तर काय करायचं?

विहारातली महिलांची बैठक संपते, सतरंज्या उचलल्या जातात, आणि मग एखादी जण मागे थांबून हळूच विचारते, "ताई, दोन महिन्यांमागं पिशवी साफ केली. अजून पाळी नाही. आत काही बिघडलं तर नसेल?" हा प्रश्न आम्हांला वस्तीवस्तीत भेटतो, पण चारचौघींत कुणी विचारत नाही. म्हणून इथं मोकळेपणानं बोलू या.

गर्भपात गोळ्यांनी झालेला असो की पिशवी साफ करून, बहुतेक बायकांना ४ ते ८ आठवड्यांत पाळी येते. आठवडे गर्भपाताच्या दिवसापासून मोजायचे. त्यानंतर दोनेक आठवडे थोडं थोडं अंगावरून जातं, ती पाळी नव्हे. गर्भामुळे शरीरात वाढलेले हार्मोन उतरायला वेळ लागतो. मग नवं बीज सुटतं आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. ही पहिली पाळी नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी जाऊ शकते.

इथंच खरी मेख आहे. बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते. काही जणींचं बीज गर्भपातानंतर दोन आठवड्यांच्या आतही सुटतं. "अजून पाळीच आली नाही, म्हणजे दिवस जाणार नाहीत," या समजुतीवर राहिलेल्या कितीतरी जणींना पुन्हा दिवस गेलेले आम्ही पाहिले आहेत. पाळी लांबली म्हणून वाट पाहत बसलेली बाई तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात येते, तेव्हा अंगात रक्त नसतं आणि पोटात पुन्हा गर्भ असतो.

म्हणून ८ आठवडे झाले तरी पाळी नसेल, तर अंदाज बांधत बसू नका. पहिल्यांदा लघवीची तपासणी करा. आशाताईंकडे 'निश्चय' किट मोफत मिळतं. गर्भपातानंतर पहिले काही आठवडे ही तपासणी जुन्या गर्भामुळेही 'आहे' दाखवू शकते. पण ४ आठवड्यांनंतरही तसंच आलं, तर डॉक्टरांना दाखवा. गर्भपात अपुरा राहिला असेल, जुना गर्भ तसाच वाढत असेल किंवा नवे दिवस गेले असतील. नेमकं काय, ते सोनोग्राफीत कळतं.

तपासणी 'नाही' आली तरी कारण शोधावं लागतं. 'अंतरा' इंजेक्शन घेतलं असेल तर पाळी थांबू शकते, 'छाया' गोळीनं लांबू शकते. त्यात घाबरण्यासारखं नाही. थायरॉइड, फार वजन उतरणं, मनावरचा ताण, अंगावर पाजणं हीही कारणं असतात. पिशवी साफ केल्यानंतर दर महिन्याला पोट दुखतं पण रक्त येत नाही, असं असेल तर पिशवीच्या आतले पापुद्रे चिकटलेले असू शकतात. असं क्वचित होतं, आणि त्यावर उपचार आहेत.

मेडिकलमधून परस्पर 'पाळी आणायची गोळी' मात्र घेऊ नका. गर्भ नळीत अडकला असेल तर त्या गोळीनं तो जात नाही, आणि नळी फुटली तर जीव जातो.

पुढील लक्षणांत ८ आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा :
- तासाला दोन मोठे पॅड भिजतात आणि हे सलग दोन तास चालतं
- ताप किंवा थंडी वाजून येणं
- घाण वासाचा स्राव
- पोटात असह्य कळा
- चक्कर येणं किंवा खांदा दुखणं

दवाखान्यात जायला बाई घाबरते ती बोलण्याला. कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे, २०२१ साली त्यात सुधारणा झाली. अठरा वर्षांवरच्या बाईला फक्त स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नंतरच्या तपासणीला जाताना झालं ते सगळं खरं सांगा, उपचार नीट होतात.

काही घरांत म्हातारी माणसं म्हणतात, "पाप केलं, म्हणून पाळी अडली." पाप, करणी, देवीचा कोप हे सगळं आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला मागं टाकून आलो. तथागतांनी कारण शोधायला शिकवलं. पाळी अडण्याला कारण असतं, आणि ते तपासणीत सापडतं. अशा वेळी घरातल्या बाईला टोमणा नको, करुणा हवी.

भावांनो, हे पान तुमच्यासाठीही आहे. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला होता. आज निरोध, माला-एन, छाया, अंतरा, तांबी सरकारी दवाखान्यात मोफत आहे. पिशवी साफ करतानाच तांबी बसवता येते. गोळ्या घेतल्या असतील तर गर्भपात पुरा झाल्याची खात्री करून बसवतात. तोवर निरोध वापरणं तुमच्या हातात आहे.

गर्भपात झाला त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिथून ८ आठवडे मोजा. तोवर पाळी नाही आली, तर आशाताईंचं दार वाजवा. एकटीला जायला जड वाटत असेल, तर मंडळातली एखादी ताई सोबत घ्या.

जय भीम.