जयनगरहून ‘रुपयाच्या प्रश्ना’कडे

चलन, कर्ज आणि व्यापार यांच्यामागे कोणाची सत्ता आहे, हे शोधतं ते आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा याच विषयाचा ग्रंथ, लंडनमध्ये १९२३ साली प्रसिद्ध झालेला. रुपया पौंडाला बांधणाऱ्या सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू जॉन मेनार्ड केन्स यांनी घेतली होती; आंबेडकरांनी ती खोडून काढली. रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडलं, तर रुपयाची खरेदीशक्ती घसरते, हा त्यांचा मुद्दा. आजही तो तितकाच धारदार वाटतो.

त्यांच्या नावाचं ‘स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ बेंगळुरूत २०१७ मध्ये सुरू झालं. तिथे जायचं तर जयनगरहून हिरव्या मार्गाची मेट्रो, मॅजेस्टिकला जांभळी, उतरायचं ज्ञानभारतीला. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी तो ग्रंथ मात्र जरूर वाचा.