ऐरण

ऐरण : तापविलेला धातू ठोकून त्यास इष्ट आकार देताना आधार म्हणून त्याखाली ठेवावयाचा जड व कठीण पृष्ठभागाचा ठोकळा. सोनार, तांबट, घिसाडी व लोहार या सर्वांना ऐरण लागते. प्रस्तुत नोंदीत लोहाराच्या ऐरणीचा विचार मुख्यतः चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. छंद म्हणून लोहारकाम करणाऱ्यांकडून जुन्या ऐरणींना मागणी येऊ लागली आहे. या ओढीमागे केवळ जुन्या वस्तूंचे कौतुक आहे की काही तांत्रिक कारणही आहे, हे ऐरणीची रचना व कार्य पाहिल्याशिवाय ठरविता येत नाही.

हातोड्याच्या घावातील ऊर्जा तप्त लोखंडाचा आकार बदलण्यात खर्च व्हावी, ऐरण हलविण्यात वाया जाऊ नये, ही मूळ अपेक्षा होय. तप्त लोखंड मऊ असल्याने घावानंतर हातोडा फारसा उसळत नाही, असे धरल्यास आकार बदलण्यास मिळणाऱ्या ऊर्जेचे प्रमाण ऐरणीचे वस्तुमान भागिले ऐरण व हातोडा यांचे एकत्रित वस्तुमान इतके येते. १ किग्रॅ. हातोडा व ५० किग्रॅ. ऐरण असल्यास हे प्रमाण सु. ९८% असते. ४ किग्रॅ. घण २० किग्रॅ. ऐरणीवर मारल्यास ते सु. ८३% वर उतरते व उरलेला धक्का खालच्या ओंडक्यात जातो. ऐरण हातोड्याच्या सु. पन्नासपट जड असावी, हा कारागिरांचा ठोकताळा या हिशेबाशी जुळतो. दुसरी अपेक्षा पृष्ठभागाच्या काठिण्याची. मऊ पृष्ठभागावर प्रत्येक चुकार घावाचा खळगा उमटतो आणि पुढे तो प्रत्येक कामावर उठतो. म्हणून पृष्ठभाग पोलादाचा असून त्यास पाणी दिलेले असते.

यूरोपीय पद्धतीच्या ऐरणीस एका टोकास निमुळते गोल शिंग, त्यालगत छन्नीकामासाठी एक मऊ पायरी, सपाट माथा व मागील बाजूस शेपूट असते. शेपटाकडील चौकोनी छिद्रात छन्नी किंवा साचे बसवितात व गोल छिद्रावर सुंब्याने भोके पाडतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड व डडली येथील कारखान्यांत घडीव लोखंडाचे धड करून त्यावर पोलादी पट्टी भट्टीतच सांधीत असत. पुढे स्वीडनमध्ये एकसंध ओतीव पोलादाच्या ऐरणी होऊ लागल्या. जुन्या इंग्रजी ऐरणींच्या अंगावर तीन आकडे कोरलेले आढळतात. त्यांपैकी पहिला हंड्रेडवेट (११२ पौंड), दुसरा त्याचा चतुर्थांश (२८ पौंड) व तिसरा सुटे पौंड दर्शवितो. उदा., १–२–१० म्हणजे ११२ + ५६ + १० = १७८ पौंड, अर्थात सु. ८१ किग्रॅ. हे आकडे म्हणजे १,२१० पौंड असा समज होऊन सौदे फिसकटल्याच्या गमती जाणकार सांगतात.

भारतात अशा ऐरणी मुख्यतः रेल्वे, खाणी व सरकारी कर्मशाळांबरोबर आल्या. मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला व पुढे वरोऱ्याच्या कोळसा खाणीसाठी त्यास फाटा काढण्यात आला. खेड्यातील लोहाराची ऐरण मात्र वेगळी असते. ती शिंग वा शेपूट नसलेला, माथ्याकडे किंचित रुंद होणारा साधा चौकोनी ठोकळा असते. तिची खालची मेख जमिनीत पुरलेल्या ओंडक्यात ठोकून बसवितात, जेणेकरून माथा जमिनीपासून वीतभरच वर राहतो. लोहार बसून काम करतो, डाव्या हातात सांडशी व उजव्या हातात हातोडा धरतो. समोर उभा राहून घण मारणारा बहुधा घरातलाच माणूस असतो व भाता स्त्रिया किंवा मुले ओढतात. ठोकळा लहान असला, तरी तो ओंडक्यासह जमिनीशी एकजीव झालेला असल्याने त्याचे परिणामी वस्तुमान दिसते त्याहून बरेच अधिक असते. गोलाई देण्याचे जे काम शिंगावर होते, ते येथे ठोकळ्याच्या कडेवर किंवा जमिनीत रोवलेल्या वेगळ्या गजावर होते. शिंग नाही म्हणून ही ऐरण मागासलेली ठरविणे चुकीचे आहे. कुऱ्हाड, विळा, कोयता, फाळ, वखराची पास, सब्बल व बाणाचे फळ या कामांना शिंगाची गरज क्वचितच पडते.

पूर्व विदर्भात लोहारास ‘खाती’ असेही म्हणतात. धानशेती, बांबूतोड व जंगलातील इतर कामे यांमुळे या दोन जिल्ह्यांत धारेच्या अवजारांचा वापर मोठा आहे. मृगाआधीचे दिवस लोहारसाळेत सर्वांत गर्दीचे असतात. मोबदला पूर्वी बलुत्याच्या रीतीने धानाच्या रूपात वर्षाकाठी मिळे. ऐरणीखालचा ओंडका व अवजारांचे दांडे यांसाठी धावड्यासारखे चिवट लाकूड पसंत करतात. भट्टीसाठी लाकडी कोळसाच उत्तम. वर्धा खोऱ्यातील दगडी कोळशात राखेचे प्रमाण अधिक असल्याने तो भट्टीत गोटा धरतो व लोखंड मळते. खंडेनवमीस व दसऱ्यास ऐरणीची पूजा होते. लोहाराच्या जीवनात ऐरणीला असलेले हे दैवताचे स्थान भालजी पेंढारकर यांच्या साधी माणसं (१९६५) या चित्रपटातील गीतामुळे साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले.

या प्रदेशातील लोहविद्या फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७८–८० च्या उत्खननात इ. स. पू. सु. सातव्या शतकातील लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली. माहुरझरी व टाकळघाट–खापा येथील महापाषाणीय शिलावर्तुळांत आडव्या पट्ट्यांनी बांधणी केलेल्या लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. त्या घडविणाऱ्याजवळ कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची ऐरण, निदान कठीण दगडाची, असलीच पाहिजे. चंद्रपूर भागातील लोहारा, पिंपळगाव व देऊळगाव आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखनिज प्रसिद्ध आहे. लोहारा हे गावाचे नावच पुरेसे बोलके आहे. मातीची बुटकी भट्टी, लाकडी कोळसा व भाता एवढ्या सामग्रीवर येथे लोखंड गाळले जाई. शेजारच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील आगरिया या जमातीची हीच विद्या व्हेरिअर एल्विन यांनी द आगरिया (१९४२) या ग्रंथात नोंदविली आहे. लोहासुर, कोयलासुर व अग्यासुर ही त्यांची दैवते लोखंड, कोळसा व अग्नी यांचीच रूपे होत.

ही विद्या एका झटक्यात नाहीशी झाली नाही. १८७८ च्या वन अधिनियमानंतर राखीव जंगलातून कोळसा मिळविणे अवघड झाले, भट्ट्यांवर कर बसले आणि रेल्वेने स्वस्त विलायती लोखंड दारात आणले. त्यापुढे गावठी लोखंड टिकले नाही. याच सुमारास मोठ्या उद्योगाचीही दृष्टी या खनिजावर होती. चांदा जिल्ह्यातील लोहोद्योगाच्या शक्यतेवर रिटर फोन श्वार्त्स यांनी १८८२ मध्ये अहवाल दिला व तो वाचून जमशेटजी टाटा यांच्या मनात पोलाद कारखान्याची कल्पना रुजली. परंतु वरोऱ्याचा कोळसा त्या कामास अयोग्य ठरला व परवान्याच्या अटीही जाचक होत्या. १९०४ च्या सुमारास सी. एम. वेल्ड यांनी पुन्हा पाहणी केली, पण शेवटी कारखाना साकची (जमशेटपूर) येथे उभा राहिला व १९१२ मध्ये तेथे पहिले पोलाद निघाले. सुरजागडचे खनिज आता मोठ्या प्रमाणावर काढले जात आहे. मात्र गावच्या लोहाराच्या सांडशीत ते कधी येत नाही. त्याचे लोखंड म्हणजे मालमोटारीचे तुटलेले कमानपाटे, जुन्या कानशी व खाणींतून आलेले भंगार.

ऐरणीचेही तसेच झाले आहे. पिढीजात ठोकळा झिजला किंवा वाटणीत गेला की त्याजागी रुळाचा तुकडा येतो. रुळाचे पोलाद चांगले कठीण असते, पण तुकडा आडवा ठेवला असता माथा बहिर्वक्र असतो आणि मधला पातळ पडदा घावासरशी दबून उसळतो. ५२ किग्रॅ. प्रतिमीटर वजनाच्या रुळाचा ४० सेंमी. तुकडा सु. २१ किग्रॅ. भरतो. तोच तुकडा ओंडक्यात उभा रोवला, तर घावाच्या रेषेत सगळे वस्तुमान येते व काम पुष्कळ सुधारते. कापलेले टोक मात्र घासून सपाट करून घ्यावे लागते. वापरण्याजोगा भाग सु. ६·७ सेंमी. रुंद असतो, खेड्यातील बहुतेक कामास तो पुरतो.

छंद म्हणून लोहारकाम करण्याची प्रवृत्ती पाश्चात्त्य देशांत १९७० च्या दशकात बळावली. उत्तर अमेरिकेतील कलाकार-लोहारांची संघटना १९७३ मध्ये व ब्रिटनमधील १९७८ मध्ये स्थापन झाली. भारतात हा छंद तुरळक आहे. त्यात पडणाऱ्यास प्रथम अडचण येते ती ऐरणीचीच. बाजारात स्वस्तात मिळणारी बिडाची ऐरण ओतीव, ठिसूळ व मऊ असते. तिची कड घावासरशी उडते. जुन्या घडीव ऐरणीचे आकर्षण म्हणूनच निराधार नाही. मात्र जुनी म्हणजे चांगली, असेही नाही. परीक्षेसाठी पोलादी गोळी २५ सेंमी. उंचीवरून माथ्यावर ठिकठिकाणी सोडावी. ती १८ ते २२ सेंमी. वर आली, तर पृष्ठभाग उत्तम समजावा. एखाद्याच जागी उसळी कमी असल्यास तेथे पट्टी धडापासून सुटलेली असण्याचा संभव असतो. लहान हातोड्याने हलके ठोकले असता सुटलेल्या पट्टीचा आवाज बद्द येतो. एकदा आगीत सापडलेल्या ऐरणीचे पाणी उतरलेले असते आणि वरून ते कळत नाही. माथा आरशासारखा करण्यासाठी तो यंत्रावर घासून घेणे ही हौशी मंडळींची नेहमीची चूक होय. पोलादी पट्टी मुळात फार जाड नसते व घासण्यात तिचाच कठीण थर जातो. मधोमध आलेला थोडा खोलगटपणा तर वाकडा गज सरळ करण्यास सोयीचाच असतो.

अशा ऐरणी मोडीत निघालेल्या कर्मशाळांच्या लिलावांत किंवा शहरांतील जुन्या बाजारांत शोधणे इष्ट. चालू लोहारसाळेतील ठोकळा हौसेखातर विकत घेणे हा व्यवहार निराळा आहे. विकणाऱ्यास एका वेळची रक्कम मिळते, पण तेवढा कठीण घडीव ठोकळा त्याला पुन्हा मिळत नाही आणि आसपासच्या गावांची अवजारे त्यानंतर तालुक्याच्या दुकानातून येऊ लागतात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहाराचा समावेश असून अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. पूर्ण वजनाची पोलादी ऐरण मात्र त्या रकमेत बसणे कठीण.

ऐरणीची निगा सोपी आहे. माथ्यावर थंड लोखंड ठोकू नये, हातोडा रिकाम्या माथ्यावर आपटू नये व कडा किंचित गोल ठेवाव्यात. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड भट्टीत घालू नये, कारण त्याची वाफ श्वासावाटे गेल्यास ताप भरतो. पावसाळ्यात, विशेषतः लोहारसाळ बंद असल्यास, माथ्यास तेलाचा हात द्यावा. रोज वापरात असलेल्या माथ्यावर गंज धरत नाही. त्यामुळे माथ्यावरील गंजाच्या थरावरून ती किती दिवस पडून आहे, याचाही अंदाज येतो.