वाचनाचे प्रयोजन

आदिलाबादचा फाटा जेथे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गास येऊन मिळतो, त्या मुदखेड जंक्शनवर गाडीची वाट पाहणाऱ्या मंडळींत हाती वर्तमानपत्र असलेला गृहस्थ आजही आढळतो; परंतु पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत सारा मजकूर नजरेखालून गेल्यावर, यातील कोणती गोष्ट आपल्या शेतीस, दुकानास अथवा विचारास उपयोगी पडेल असे त्यास विचारले, तर उत्तर सहसा मिळत नाही. वाचन पुष्कळ झालेले असते. प्रयोजन राहून गेलेले असते.

सप्रयोजन वाचन म्हणजे काय, हे पाहण्यास मराठवाड्याबाहेर जावे लागत नाही. मुदखेडहून वीस-पंचवीस किलोमीटरांवरील नांदेडात विचारवंत नरहर कुरुंदकर राहत होते. 1932 साली नांदापूर येथे जन्मलेले कुरुंदकर शिक्षणासाठी हैदराबादेस मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहिले आणि इंटरच्या परीक्षेत त्यांना अपयश आले. तरीही ‘रिचर्ड्सची कलामीमांसा’ लिहिण्याइतका सौंदर्यशास्त्रावर आणि मनुस्मृतीवर व्याख्याने देण्याइतका धर्मशास्त्रावर त्यांनी अधिकार मिळवला. याचे श्रेय केवळ स्मरणशक्तीस देणे मला अपुरे वाटते. निजामाच्या ज्या हैदराबाद संस्थानात विद्यापीठाचे अध्यापन उर्दूतून चाले आणि अखेरच्या काळात रझाकारांचा जुलूम रयतेने प्रत्यक्ष भोगला, तेथे वाढलेल्या तरुणापुढे धर्म आणि राज्यसत्ता यांच्या संबंधाचा प्रश्न परिस्थितीनेच आणून ठेवला होता. त्यांच्या ‘शिवरात्र’ या पुस्तकातील लेख वाचताना जाणवते की, इतिहास असो वा राजकारण, हा वाचक प्रत्येक ग्रंथाकडे काही विचारण्यासाठी जात होता. शिवाय ते हाडाचे शिक्षक होते. आधी प्रतिभा निकेतन शाळेत आणि पुढे पीपल्स कॉलेजात शिकवताना वाचलेले सर्व विद्यार्थ्यांपुढे मांडावे लागे, त्यांच्या शंकांना उत्तर द्यावे लागे. असे मांडण्याची जबाबदारी अंगावर असली, की मनुष्य डोळ्यांत तेल घालून वाचतो.

विद्वानाचे हे उदाहरण व्यापाऱ्यास गैरलागू वाटेल, पण तसे नाही. 1920 साली किर्लोस्करवाडीच्या नांगराच्या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले, यावरून उद्योग आणि छापील मजकूर यांचे नाते आपल्याकडे किती जुने आहे हे कळते. आणि धंद्यातले वाचन ग्रंथापासूनच सुरू व्हावे, असा दंडकही नाही. मुदखेडच्या परिसरात फुले होतात, केळी होते; तेथील शेतकऱ्याने खताच्या पोत्यावरील 10:26:26 हे आकडे एकदा नीट वाचावेत. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे शेकडा प्रमाण त्यात दिलेले असते. म्हणजे 50 किलोंच्या पोत्यात नत्र 5 किलो, स्फुरद 13 किलो आणि पालाश 13 किलो. केळीस पालाश फार लागते, हे ज्यास ठाऊक आहे, तो मातीपरीक्षणाचा अहवाल शेजारी ठेवून दुकानदारास नेमके खत मागतो. ज्यास ठाऊक नाही, तो दुकानदार देईल ते घेऊन घरी येतो. कर्जाची कबुलायत, पीकविम्याच्या अटी, भाड्याचा करारनामा हे दस्तऐवजही याच कोटीतले. सहीपूर्वी ते अक्षरशः वाचणे ही व्यवसायवृद्धीची पहिली पायरी आहे, आणि तीच बहुतेक जण गाळतात याचे मला मनापासून दुःख होते.

अशी सवय लावण्यास मोठा संकल्प नको. एका वेळी एकच प्रश्न घ्यावा. माझ्या दुकानातील उधारी का थकते, एवढा साधा प्रश्नही चालेल. त्यावर निदान दोन लेखक वाचावेत, कारण एकाच्या मताशी दुसऱ्याचे मत ताडून पाहिल्यावाचून आपले मत बनत नाही. वाचताना तारीखवार टिपणे करावीत आणि आठवड्याने ती विषयवार वेगळ्या वहीत उतरवावीत, जसा मोंढ्यातील आडत्या कीर्दीतील रकमा खतावणीत उतरवतो. टिपणातील एखादी गोष्ट लगेच करून पाहावी आणि काय घडले तेही तेथेच लिहावे.

पुस्तके विकत घेणे सर्वांस परवडत नाही. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्यान्वये सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता व अनुदान मिळते. तेव्हा आपला प्रश्न घेऊन जवळच्या ग्रंथालयात जावे, आणि हवे ते पुस्तक कपाटात नसल्यास ग्रंथपालाकडे लेखी मागणी करावी. वाचक मागणीच करीत नसतील, तर ग्रंथखरेदीच्या यादीत शेतीची, हिशेबाची आणि कायद्याची पुस्तके कोणी घालावीत?