गाडी रंगायला टाकताना

दिवाळीच्या सुट्टीत बाबांची सिल्व्हर गाडी गेटच्या खांबाला घासली. अर्थात मीच. (कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी आहे, सांभाळून घ्या.) बाबा दोन दिवसांनी गावाहून येणार, म्हणून मी पेंटरकाकांच्या मागे लागलो, "काका, उद्या द्याच!" ते म्हणाले, "चार दिवस लागतात रे." मला वाटलं, उगाच ताणतायत.

आता कळलंय. पुट्टी हार्डनरमुळे लवकर कडक होते, पण त्यावरच्या प्रायमरमधलं थिनर उडून जायला वेळ लागतो. ते आत असतानाच रंग मारला तर नंतर थर आक्रसतो आणि खालचे पॉलिश पेपरचे ओरखडे वर दिसू लागतात. आमच्या दारावर महिन्याभरात दिसले.

मेटॅलिक रंगाची तर वेगळीच गंमत. त्यात अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. गनचं प्रेशर किंवा हाताचा वेग बदलला की ते वेगळे बसतात. कलर कोड तोच, शेड वेगळी! म्हणून चांगला पेंटर शेजारच्या दारावरही रंग विरळ करत नेतो, मग लॅकर मारतो. मी म्हटलं होतं, "एकच दार करा, पैसे कमी आहेत."

गाडी ताब्यात घेतली तीही रात्री, ट्यूबलाइटखाली. मस्त दिसत होती. तुम्ही मात्र उन्हात, तिरकं बघून घ्या. बाबांनी आल्या दिवशी सकाळी तशीच बघितली.